सतरा माणसं, सहा खोल्या

बी.ए.ला मी मराठी विषय घेतला तो वाङ्मयाच्या ओढीनं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. खरं म्हणजे गणितापासून सुटका हवी होती. पण सुटका कुठली! गेल्या हिवाळ्यात घरच्या सतरा माणसांना बोटीवरच्या खोल्यांत बसवायचं गणित माझ्याच गळ्यात आलं आणि ते सुटायला दोन महिने लागले. त्याची हकिगत आज सांगणार आहे. मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला जाणाऱ्या मोठ्या क्रूझ बोटी सुरू झाल्या, तेव्हापासून लेकुरवाळी कुटुंबंही अशा सहलीचा विचार करू लागली आहेत. त्यांना यातलं काही कामी आलं तर बरंच.

आमच्या घरात 'बोट' म्हटलं की दोनच बोटी डोळ्यांसमोर येत. एक हजची. ती १९९५ साली बंद झाली. दुसरी कोकणची. ही भाऊच्या धक्क्यावरून सुटायची आणि रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत पणजीला जायची. पावसाळ्यात बंद. ऐंशीचं दशक संपता संपता ती कायमचीच थांबली. माझ्या लहानपणी रत्नागिरीला जायचं म्हणजे या बोटीनं. तिथे खोल्यांचं नियोजन वगैरे काही नव्हतं. धक्क्यावर दार उघडलं की हमाल आणि घरातले तरुण धावत जाऊन डेकवर सतरंजी पसरायचे. जेवढी सतरंजी तेवढं आपलं घर. चारी बाजूंना ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या नाहीतर फणसाच्या करंड्या लावल्या की भिंती झाल्या. त्या चौकोनात पंधरा-सोळा माणसं रात्र काढायची. कोण कुणाच्या पायाशी, कोण कुणाच्या कुशीत, हे कुणी ठरवत नसे.

म्हणजे मला तसं वाटे. त्या चौकोनाच्या समुद्राकडच्या कडेला आमची फुफी बसायची, अब्बांची धाकटी बहीण. तिनं एक नाडी आणलेली असायची. तिचं एक टोक ती माझ्या धाकट्या चुलतभावाच्या पायाला बांधायची, दुसरं स्वतःच्या मनगटाला. पोर हललं की ती जागी. आम्ही सकाळी उठायचो तेव्हा ती तशीच बसलेली असायची, आणि बंदर आलं की अम्मीला सांगायची, "भाभी, उठा, रत्नागिरीचा दिवा दिसतोय."

तर ही सगळी सहल अम्मीच्या त्या दिव्यासाठी. भाईजान तीस वर्षं कुवेतला नोकरी करून परत आले आणि अम्मीला म्हणाले, "सांग, काय हवंय?" एक्याऐंशी वर्षांची अम्मी म्हणाली, "एकदा बोटीनं आपल्या गावासमोरून जायचंय." तिला वाटलं होतं भाऊच्या धक्क्यावरून कुठलीतरी बोट अजून सुटत असेल. भाईजाननी गोव्याच्या क्रूझचं ठरवलं, तीन रात्रींचं. सगळ्यांनी यायचं, खर्च त्यांचा. आणि नियोजन माझं, कारण मी कविता करते, म्हणजे मला वेळ असतो अशी आमच्या घरात समजूत आहे.

आता माणसं मोजा. अम्मी आणि फुफी. भाईजान आणि भाभी. त्यांचा मोठा मुलगा, सून आणि दोन मुलं: मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. धाकटा मुलगा, सून आणि त्यांचं तान्हं. मी आणि आमचे हे. माझी मुलगी, जावई आणि त्यांची दोन, पाच वर्षांचा एक नि दोन वर्षांची एक. झाले सतरा. त्यातली पाच मुलं, आणि सातव्या वर्षाच्या वरचं एकही नाही.

पहिला अडथळा तारखेचा आला. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत जायचं म्हणत होतो. तेव्हा बाळ पाच महिन्यांचं असतं. बहुतेक क्रूझ बोटी सहा महिन्यांखालच्या बाळाला घेत नाहीत, आणि समुद्रावर सलग बरेच दिवस जाणारी लांबची सफर असेल तर वर्षाखालच्याला नाही. पोटुशी बाई असेल तर चोविसाव्या आठवड्यानंतर तिलाही घेत नाहीत. हे आधी विचारून घ्यावं. मग तान्ह्यासाठी सगळ्यांनी जानेवारीवर येऊन थांबायचं ठरलं. सात वर्षांच्या हजरतांची शाळा दोन दिवस बुडणार, म्हणून त्यांनी बाळाचे जाहीर आभार मानले.

मग खोल्या. एजंटनं फोनवरच हिशोब करून टाकला: एका केबिनमध्ये चार, सतराला चारनं भागा, पाच केबिन. भाईजाननी मान डोलावली. हिशोबात चूक नव्हती. चूक 'चार' या आकड्यात होती. बोटीवरच्या चार माणसांच्या खोलीत खाली दोन पलंग असतात, ते जोडले की डबलबेड होतो. उरलेले दोन बर्थ भिंतीतून किंवा छतातून खाली ओढायचे, रेल्वेच्या वरच्या बर्थसारखे, शिडी लावून चढायचे. आता आमच्यातलं वर कोण चढणार? अम्मी नाही, फुफी नाही. भाईजानच्या गुडघ्यात दोष, भाभींना रात्री तीनदा उठावं लागतं. सहा वर्षांखालच्या मुलांना वर झोपवू नका असं आम्हाला स्पष्ट सांगण्यात आलं. म्हणजे पाचातलं एकच मूल चढणेबल. चार माणसांची खोली आमच्यासाठी कधी तीनची होती, कधी दोनचीच. मोठ्या कुटुंबानं आधी माणसं मोजू नयेत. शिडी चढू शकणारी माणसं मोजावीत.

बरं, वरचा बर्थ मोकळा आहे म्हणून ऐनवेळी कुणाला घुसवावं तर तेही चालत नाही. याचं कारण मला फार उशिरा कळलं. बोटीवरच्या प्रत्येक माणसासाठी, अगदी तान्ह्यासाठीसुद्धा, जीवरक्षक नावेत जागा धरलेली असते. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली तेव्हा माणसं जास्त आणि नावा कमी होत्या. त्यानंतर १९१४ साली समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. बोटीचा एकेक भाग एकेका जमण्याच्या जागेला आणि तिथल्या नावांना जोडलेला असतो. त्या भागातली संख्या भरली की खोलीत पलंग रिकामा असला तरी तिसरा माणूस मिळत नाही. तीन-चार जणांच्या खोल्या लवकर संपतात त्या यामुळेही. तेव्हा मोठ्या कुटुंबानं खोल्या सहा महिने आधी पाहिलेल्या बऱ्या, आणि सगळ्या एकदम, एकाच भागात घ्याव्यात, म्हणजे संकटात जमायची जागाही एकच येते. आमच्याकडे १७ जुलै १९४७ला 'रामदास' बोट रेवसच्या वाटेवर बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. कोकणातल्या जुन्या बायका बोटीवर पाय ठेवला की अजून आधी पोरं मोजतात.

तर पाच खोल्या बाद, सहा ठरल्या. कुठल्या घ्यायच्या? बोटीवर तीन-चार तऱ्हा असतात: बिनखिडकीच्या आतल्या, बंद काचेच्या खिडकीच्या, बाल्कनीच्या, आणि श्रीमंतांच्या. तरुण मंडळींना बाल्कनी हवी होती. ती हवीशी वाटण्यासारखीच असते. पण दोन, चार आणि पाच वर्षांची मुलं असताना बाल्कनी म्हणजे रात्रंदिवस एका माणसाची पहाऱ्याची नोकरी. तिथलं दार जड असतं, कडी उंच असते, कठडाही चांगला उंच. भीती कठड्याची नाही, भीती तिथे ठेवलेल्या खुर्चीची. आमच्या चार वर्षांच्या बाईसाहेब खुर्ची दिसली की ती सरकवून कशाला तरी लावतात आणि चढतात. भाच्याची बायको शांतपणे म्हणाली, "मला बाल्कनी नको. मला झोप हवीय." विषय संपला. मुलांच्या खोल्या आतल्या घेतल्या. आतल्या खोलीत दिवा मालवला की दुपारीही मिट्ट काळोख होतो, आणि दोन वर्षांच्या पोराला दुपारी झोपवण्यासाठी यापरती सोय नाही. स्वस्तही पडतात.

जागा बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यांवर घ्यावी, तिथे हेलकावे कमी जाणवतात. झोपाळ्याचं टोक जास्त हलतं, मधला भाग कमी, तसंच हे. नकाशात आपल्या खोलीच्या वर आणि खाली काय आहे तेही बघावं. वर नाचाची जागा नाहीतर पोहण्याचा तलाव असेल तर खुर्च्या ओढल्याचे आवाज पहाटेपर्यंत येतात. दोन्ही बाजूंना आणि वर-खाली दुसऱ्यांच्या झोपायच्या खोल्याच असाव्यात. लिफ्ट जवळ असावी, पण दाराला लागून नको.

या सगळ्यात मी तरबेज झाले होते. माझ्याजवळ बोटीचा छापील नकाशा होता, त्यावर रंगीत पेन्सिलींच्या खुणा होत्या. आणि अखेर एक आराखडा जमला. भाईजान-भाभी एका खोलीत. अम्मी माझ्या आणि आमच्या ह्यांच्या खोलीत. मोठा भाचा आणि त्याची बायको. धाकटा भाचा, बायको, बाळ. मुलगी, जावई आणि दोन वर्षांची. सहावी खोली मुलांची: सात, पाच आणि चार वर्षांचे तिघे आणि त्यांच्यापाशी फुफी. मोठा मुलगा वर, फुफी आणि दोघं खाली. बेरीज सतरा. ज्याला दाखवला त्याला तो आवडला. मोठ्या भाच्याची बायको तर म्हणाली, लग्नानंतर आठ वर्षांनी आम्ही दोघं पहिल्यांदा एका खोलीत एकटे असू. फुफीला विचारलं. ती म्हणाली, "बरं झालं. मला पोरांशिवाय करमत नाही."

मी तो कागद अम्मीला वाचून दाखवला. तिला दिसत कमी, ऐकू मात्र स्वच्छ येतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तिची खोली कुठली?"

म्हटलं, "सांगितली ना, सहावी."

"ती पोरांची. तू तसंच वाचलंस. तिची कुठली?"

मी कागद पाहिला. पाच खोल्यांपुढे मी माणसांची नावं लिहिली होती. सहावीपुढे लिहिलं होतं, 'मुलांची खोली'. फुफीचं नाव कागदावर कुठेच नव्हतं.

फुफीबद्दल थोडं सांगते. तिचे यजमान, आमचे फुफा, मालवाहू जहाजावर खलाशी होते. कोकणातल्या आमच्या कितीतरी घरांतली माणसं तेव्हा जहाजांवर असत. १९७६ साली एका परक्या बंदरात तापाचं निमित्त होऊन ते गेले. फुफी पंचवीस वर्षांची होती. अब्बा तिला घरी घेऊन आले. तेव्हापासून आजवर, जवळपास पन्नास वर्षं, ती आमच्याकडे आहे. तिला कुणी वाकडा शब्द बोललं नाही, ईदला तिचे कपडे आधी येतात. पण आमच्या मुंबईच्या घरात तिचं अंथरूण रात्री जिथे जागा असेल तिथे पडतं आणि सकाळी गुंडाळलं जातं. आधी ती आम्हा मुलांपाशी झोपायची, मग भाईजानच्या मुलांपाशी, आता त्यांच्या मुलांपाशी. लग्नाला गेलो, दवाखान्यात गेलो, रत्नागिरीला गेलो, आमची व्यवस्था नेहमी लागायची ती फुफी धरून. मला खोल्यांचं गणित सुटल्याचा जो आनंद झाला होता, तो सगळा तिच्या जिवावर होता.

मी आराखडा फाडला. घरात थोडं वाजलं. मोठा भाचा म्हणाला, "आत्या, तीनच तर रात्री आहेत." माझी मुलगी म्हणाली, "अगं, पण तिला आवडतं मुलांमध्ये." हेच अवघड होतं. तिला आवडतं हे खरं होतं. तिनं तक्रार केली असती तर सोपं गेलं असतं. मी म्हटलं, दिवसभर असू दे की मुलांमध्ये, रात्रीचं काय ते आपण बघू. चार वर्षांच्या मुलीनं रात्री दोनला पाणी मागितलं तर तिच्या आईबापानं उठावं, चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईनं नव्हे. मग कुणीच काही बोललं नाही. भाच्याच्या बायकोचा चेहरा उतरला, आणि त्याबद्दल मला तिला दोष देता येईना. ती एकांत मागत होती, तो काही गुन्हा नव्हे. शेवटी भाईजान म्हणाले, "नातू माझ्याकडे. वरच्या बर्थवर. मला बघायचंय तो घोरतो का." नवा कागद झाला तो असा: अम्मी आणि फुफी एका खोलीत. भाईजान-भाभी आणि सात वर्षांचा. भाचा, बायको, चार वर्षांची. धाकटा भाचा, बायको, बाळ. मुलगी, जावई, दोन वर्षांची. आणि आमच्या खोलीत पाच वर्षांचा माझा नातू माझ्याजवळ खाली, आमचे हे वर. एकसष्टाव्या वर्षी शिडी चढून झोपायला मिळणार म्हणून ते उगाचच खूश होते. एका खोलीत दोघी, पाचांत तिघं-तिघं. बेरीज तीच, सतरा.

अम्मी-फुफीच्या खोलीत पलंग वेगवेगळे ठेवायला सांगितले आणि खोली खिडकीची घेतली, जाताना डाव्या हाताची. मुंबईहून दक्षिणेला जाताना किनारा डावीकडे राहतो. उजवीकडची खिडकी घेतली असती तर अम्मीला दिव्याऐवजी अरबी समुद्र दिसला असता. खिडकीचे पैसे जास्त. तो फरक माझ्या कवितांच्या मानधनातून भागला, असं सांगायला मला आवडलं असतं. तो आमच्या ह्यांच्या पेन्शनीतून भागला.

बुकिंग करताना मी दोन खोल्या आतून दार असलेल्या मागितल्या होत्या, म्हणजे रात्री अम्मीकडे जायला मला बाहेर पडावं लागू नये. एजंट म्हणाला, "हो मॅडम, शेजारी-शेजारीच आहेत." इथे मी फसले. शेजारची खोली वेगळी आणि आतून दारानं जोडलेली वेगळी. मध्ये भिंत असली तरी तिला शेजारचीच म्हणतात. कागदावर 'जोडलेली' असं लिहून घ्यावं, खोल्यांचे नंबर घ्यावेत आणि ते बोटीच्या नकाशावर स्वतः पडताळून पाहावेत. आमच्या दोन खोल्यांमध्ये धड भिंत निघाली. तिथे गेल्यावर बदलणं शक्य नव्हतं. तीन रात्री मी गाऊनवर दुपट्टा घेऊन पॅसेजमधून येरझाऱ्या घातल्या. बाळाच्या पाळण्याचंही तसंच, ते मोजकेच असतात, आधी मागून ठेवले तरच मिळतात. आम्ही मागितला होता म्हणून मिळाला. डायपर, दुधाची पावडर, तापाचं औषध घरूनच न्यावं. खोलीत पाणी तापवायची किटली बहुधा चालत नाही, गरम पाणी उपाहारगृहातून आणावं लागतं, म्हणून एक चांगला थर्मास हवा. आणि डायपरमधल्या मुलांना पोहण्याच्या तलावात सोडत नाहीत. हे आम्हाला तलावाच्या काठावर, दोन वर्षांची पोहायचा फुग्यांचा पोशाख घालून तयार असताना कळलं. तिचा आक्रोश गोव्यापर्यंत गेला असेल.

बॅलार्ड पिअरहून निघायच्या आधी कवायत झाली. २०१२च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्यापाशी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो लोकांची कवायत व्हायची होती. तेव्हापासून बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ती घेतात. आमच्या मुलांना लहान मापाची लाइफ जॅकेट आधी मागून घेतली. एक गोष्ट मात्र विसरू नये. मूल कागदोपत्री एका खोलीत आणि झोपतं दुसऱ्या खोलीत, असं असेल तर ते बोटीवरच्या स्वागतकक्षात सांगून ठेवावं. माझा नातू बुकिंगमध्ये त्याच्या आईच्या खोलीत लिहिला गेला होता. भाईजाननी जाऊन ते बदलून घेतलं.

फुफी तिच्या खोलीत शिरली आणि दारातच उभी राहिली. खोली लहानच, दीडशे चौरस फुटांच्या आतली. दोन पलंग, मध्ये एक अरुंद टेबल, वर भिंतीत बसवलेला बर्थ. तिनं त्या बर्थवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "त्यांची खोली अशीच असेल का गं?" मला क्षणभर कळलंच नाही ती कुणाबद्दल विचारते आहे. पन्नास वर्षांत तिनं आमच्यासमोर फुफांचा विषय काढल्याचं मला आठवत नाही. मी काही बोलायच्या आत खोली आवरणारा मुलगा टॉवेल घेऊन आला, विशी-बाविशीचा. फुफीनं त्यालाच विचारलं, "बाळा, तू कुठे झोपतोस?" तो हसला. "एकदम नीचे, दादी. पानी के नीचे. एक कमरे में दो लोग." खिडकी आहे का, तिनं विचारलं. नाही म्हणाला. जेवतोस कधी, सुट्टी कधी, आई कुठे असते, असं तिनं त्याला बराच वेळ थांबवून घेतलं. पुढचे तीन दिवस जेवणघरातून येताना ती त्याच्यासाठी रुमालात एक केळं आणायची. बोटीवर खाण्याला काही तोटा नाही, हे त्यानं तिला सांगूनही.

नमाजाची दिशा हा एक प्रश्न होता. कोकणच्या किनाऱ्यावरून मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. जाताना बोटीचं तोंड दक्षिणेला, म्हणजे किब्ला उजव्या हाताला, येताना डाव्या. खोलीतल्या टीव्हीवर एका चॅनेलला बोट कुठे आहे त्याचा नकाशा सतत दिसतो, तो पाहून भाच्यानं दोघींना दिशा दाखवून दिली. दोन पलंगांच्या मध्ये एकच मुसल्ला बसत होता. तेव्हा आधी अम्मी, खुर्चीवर बसून, मग फुफी.

रात्रीचं सगळं ठरवलेलं होतं. बोट मध्यरात्रीनंतर कधीतरी रत्नागिरीसमोरून जाणार. एवढ्या मोठ्या बोटी किनाऱ्यापासून दूरून जातात, दिवा दिसेलच असं नाही, असं भाच्यानं सांगून ठेवलं होतं. तरी अम्मी ऐकणार थोडीच. तिनं फुफीला बजावलं, "तू जागी असशीलच. दिवा दिसला की मला उठव." फुफी म्हणाली, "भाभी, मी रत्नागिरी कधी चुकवलीय का?" मी दोनदा पॅसेजमधून जाऊन त्यांच्या दाराला कान लावला. आत शांत होतं. मला वाटलं दोघी काचेला नाक लावून बसल्या असतील. आमच्या खोलीत नातवानं तीनदा लाथ मारली, वरून ह्यांचं घोरणं सुरू होतं. पलीकडे बाळ रडत होतं आणि भाचा ते खांद्यावर घेऊन पॅसेजमध्ये फेऱ्या मारत होता. मला पाहून म्हणाला, "आत्या, फुफीदादी हे सगळं रोज करायची?"

सकाळी आठ वाजता मी दार वाजवलं. बऱ्याच वेळानं अम्मीनं उघडलं. खिडकीतून ऊन आत आलं होतं, रत्नागिरी मागे राहून कितीतरी तास झाले होते. फुफी पलंगावर उठून बसली होती आणि भांबावल्यासारखी इकडेतिकडे पाहत होती. दिवा गेला होता आणि फजरची नमाजही गेली होती. मला आठवतंय तेव्हापासून तिची फजर कधी चुकली नव्हती. अम्मी म्हणाली, "अगं, उठवलं का नाहीस?" फुफी म्हणाली, "भाभी, रात्रभर एकही पोर रडलं नाही. जाग येणार कशी?"

मग तिनं घाईघाईनं वजू केला आणि कजा पढायला मुसल्ला अंथरला. टीव्हीवरचा नकाशा पाहून मी तिला दिशा सांगितली. दाराबाहेर चार वर्षांची तिला हाका मारत होती. मी दार लावून घेतलं आणि तिला भाभींकडे घेऊन गेले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)